भट्टीत वायू कोणता होता, तेही छापा

महोदय,

आपल्या विज्ञान पुरवणीतला नॅनोकार्बनवरचा लेख आवडीने वाचला, पण एका वाक्याला अडखळले. ‘कोणताही कार्बन पुरेसा तापवला की त्याचा ग्राफाइट होतो.’ ग्राफाइट म्हणजे पेन्सिलीच्या शिशातला, नीट थरांनी रचलेला कार्बन. मी शास्त्रज्ञ नाही. एका प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं भट्ट्या सांभाळल्या आणि निवृत्त झाले. मात्र याच समजुतीपायी पीएचडीच्या मुलांचे महिने फुकट गेलेले पाहिलेत, म्हणून लिहायला बसले.

रोझलिंड फ्रँकलिन यांचं नाव डीएनएमुळे सर्वांना ठाऊक असतं. त्याआधी त्या कोळशावर काम करत होत्या. कार्बनच्या दोन जाती असतात, हे त्यांनी 1951 साली मांडलं. पीव्हीसी हवेविना करपवून मिळालेला कार्बन 3000 अंश सेल्सिअसच्या आसपास नेला की ग्राफाइट होतो. पॉलिव्हिनिलिडीन क्लोराइड हे त्याचंच भावंड, रेणूत क्लोरीन तेवढं जास्त. त्याचा कार्बन तितकाच तापवा, ग्राफाइट होत नाही. पहिल्यातले बारीक थर मुळातच बरेचसे समांतर पडलेले असतात, तापले की सरकून जुळतात. दुसऱ्यातले थर कसेही पडलेले आणि आडव्या बंधांनी एकमेकांत अडकलेले. त्यांना सरकायला जागाच नाही. थोडक्यात, पूड भट्टीत शिरण्याआधीच निम्मा निकाल लागलेला असतो.

जुळतात म्हणजे काय, तेही सांगते. कच्च्या कार्बनचे थर नीट न लावलेल्या पत्त्यांच्या गड्डीसारखे असतात, एकावर एक खरे, पण प्रत्येक पत्ता वेगळ्या कोनात वळलेला. दोन थरांतलं अंतर तेव्हा साधारण 0.344 नॅनोमीटर भरतं. पत्ते सरळ झाले की ते 0.335 वर येतं. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, तेव्हा हा फरक डोळ्यांना दिसणं शक्यच नाही. क्ष-किरणांचं यंत्र तो दाखवतं.

लेखात 2800 अंश हा आकडा ठळक छापलाय, वायूचं मात्र नाव नाही. यावर माझा फार जीव आहे, कारण हा धडा मी पदरमोड करून शिकले. नळीभट्टीत आरगॉन, म्हणजे कार्बनला जाळत नाही असा वायू, सोडून कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिबारीक नळ्या, 800 अंशांवर ठेवायच्या होत्या. एका टोकाचं रबरी सील तडकलं होतं, ते माझ्या नजरेतून सुटलं. सकाळी चिनीमातीची बोट, म्हणजे नमुना ठेवायची लांबट वाटी, बाहेर ओढली तर काळी पूड गायब, तळाशी चिमूटभर तांबूस भुकटी. ट्यूब वाढवताना वापरलेलं लोखंड तेवढं गंजून शिल्लक होतं, कार्बन हवेत जळून गेला होता. ज्या मुलीचा तो नमुना होता ती काही बोलली नाही, याचंच जास्त वाईट वाटलं.

त्याच ट्यूब चांगल्या आरगॉनमध्ये 2000 अंशांच्या वर नेल्या तर गोष्ट उलटी. लोखंड वाफ होऊन निघून जातं आणि भिंतींतले वाकडेतिकडे भाग सरळ होऊ लागतात. पण म्हणून ‘जास्त उष्णता म्हणजे जास्त चांगलं’ असंही नाही. एकेरी भिंतीच्या ट्यूब फार तापल्या की शेजारच्या ट्यूबला मिळून जाडजूड होतात. बारीक ट्यूब हवी असणाऱ्याचं त्यात नुकसानच.

नॅनोहिऱ्याचं तर वेगळंच. चार-पाच नॅनोमीटरचा कण निर्वातात 1000 अंशांपुढे तापवत नेला की बाहेरून आत एकेक पापुद्रा ग्राफाइटसारखा होत जातो आणि शेवटी एकात एक बसलेल्या गोल कवचांचा कण उरतो. ग्राफीन ऑक्साइडला, म्हणजे ऑक्सिजन चिकटलेल्या कार्बनच्या सुट्या थरांना, एवढ्या आगीची गरजच नाही. दोनशे अंशांच्या आसपासच त्यातला बराचसा ऑक्सिजन पाण्याची वाफ आणि कार्बनचे वायू होऊन निघतो, तपकिरी पूड काळी पडते. घाईने तापवलं तर तो वायू थरांना फाडत बाहेर येतो. एकदा बोटीत पाव चमचा घातलेली पूड भट्टीच्या नळीभर पिसासारखी उडालेली मी कुंचल्याने गोळा केली आहे.

लेखातला रामन वर्णपटाचा, म्हणजे नमुन्यावर लेसर टाकून विखुरलेल्या प्रकाशाच्या आलेखाचा, परिच्छेद चांगला जमलाय. आलेखात 1350 प्रति सेंटिमीटरजवळचं डी शिखर दोषांचं, 1580 जवळचं जी शिखर कार्बनच्या षटकोनी जाळीचं, हे बरोबर. फक्त डी बुटकं झालं म्हणजेच सुधारणा, असा सरधोपट नियम लावू नये. ग्राफीन ऑक्साइडमधला ऑक्सिजन निघाल्यावर पुष्कळदा डी उलट उंचावतं, कारण जाळीचे लहान लहान नवे तुकडे तयार होतात आणि त्यांच्या कडा वाढतात. आमच्याकडे एका मुलाने हा आलेख पाहून चांगला नमुना फेकायला काढला होता.

शेवटचं, छायाचित्राबद्दल. ‘तापवण्याआधी’ आणि ‘तापवल्यानंतर’ म्हणून छापलेल्या दोन वाट्यांत सारखीच काळी पूड दिसते. त्यात छायाचित्रकाराची चूक नाही, प्रत्यक्षातही तशीच दिसते. चित्राखालच्या ओळींमध्ये मूळ कार्बन कशाचा, वायू कोणता आणि वरच्या तापमानाला किती वेळ ठेवला, एवढं छापलं असतं तर माझ्यासारखीला दोन्ही वाट्या ओळखता आल्या असत्या.

आपली नम्र,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहायक