पहिल्या पंगतीनेच पातेलं रिकामं केलं, आमच्या वाट्याला काय?

मा. केंद्रीय अर्थमंत्री मॅडम,

नमस्कार. रावेर तालुक्यातून लिहितोय, घरची केळी आहे आणि थोडा कापूस. माझ्या मामेभावाने कापसाचे आलेले 80 हजार एका नव्या क्रिप्टो कॉईनमध्ये, म्हणजे इंटरनेटवरच्या आभासी नाण्यात टाकले, वर्षाच्या आत 5 हजार पण उरले नाहीत. मागून कळलं की निम्म्याच्या वर कॉईन काढणाऱ्यांनी आधीच स्वतःकडे ठेवले होते, भाव चढला तसे विकून मोकळे झाले. त्याला लोभी म्हणू नका मॅडम, त्याला हे कोणी सांगितलंच नव्हतं.

बिटकॉईन या सगळ्यात जुन्या क्रिप्टो कॉईनमध्ये लपवाछपवी नाही, हिशोब उघडा आहे, पण वाटप बघा ना. एकूण नाणी 2 कोटी 10 लाख, जानेवारी 2009 ला सुरू, त्यासाठी कॉम्प्युटर चालवणाऱ्यांना आधी दर 10 मिनिटाला साधारण 50 नवी नाणी मिळायची, मग चारेक वर्षांनी निम्मी, परत निम्मी. जुलै 2016 पर्यंत 1 कोटी 57 लाख 50 हजार निघून गेली, म्हणजे पाऊण हिस्सा. आणि जिओ आलं सप्टेंबर 2016 ला, आमच्याकडच्या पोरांच्या हातात खरं नेट तेव्हा आलं! माझी आई भिशी चालवते, त्यात सुद्धा नंबर चिठ्ठी टाकून लागतो, आधी आली म्हणून कोणाला दुप्पट मिळत नाही. तिला हे सगळं समजावलं तर एवढंच म्हणाली, "आमना वाटाले काय उनं?"

आधी जोखीम घेतली त्याला थोडं जास्त मिळावं, मान्य. पण पाऊण?

तुम्ही 2022 पासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के टॅक्स लावला, वरून विकतानाच कापला जाणारा 1 टक्का टीडीएस. पण मूळ दर सगळ्यांना तोच, सुरुवातीला फुकटात कॉईन मिळालेल्याला पण आणि शेवटी महागात घेणाऱ्याला पण, आणि एका कॉईनमधला तोटा दुसऱ्या कॉईनच्या नफ्यातून वजा करता येत नाही, मग मार कोणाला बसतो ते तुम्हीच बघा.

माझं मागणं असं आहे की कोणताही नवा कॉईन इथे विकायचा असेल तर काढणाऱ्याने स्वतःकडे किती ठेवले, पहिल्यांदा कोणाला काय भावात दिले आणि ते कधी विकू शकतात, हे मराठीत, खरेदीच्या बटणाच्या वरच लिहिलेलं पाहिजे. आणि छोट्या माणसाचा तोटा वजा होऊ द्या. येत्या बजेटमध्ये एवढं घ्याच.

आपला,
रावेरकडचा एक शेतकरी