तुमचे सहा महिने संपणार कधी? गृहमंत्र्यांना खुले पत्र

माननीय गृहमंत्री महोदय,

युरोपातल्या आपल्या देशाच्या सीमेवरची तपासणी आणखी सहा महिने वाढवल्याचा आदेश काल वाचला. मागच्या वेळी ‘ही शेवटची मुदतवाढ’ असा शब्द आपल्याच खात्याने दिला होता.

मी सीमेपलीकडे राहते आणि आपल्या देशातल्या रुग्णालयात रात्रपाळी करते. नाक्यावर बस थांबते, पोलीस चढतात, सगळ्यांवरून नजर फिरवतात आणि माझ्या सावळ्या चेहऱ्यापाशी थबकतात. रहिवास परवाना दाखवा, कामाचा करार दाखवा, कुठे चाललात ते सांगा. रोज तोच पोलीस असला तरी तेच प्रश्न. तोवर पाळी सुरू झालेली असते आणि दिवसभर राबलेली सहकारी माझी वाट बघत खोळंबलेली असते. उशीर झाला की पगार कापतात, तोही सोसला. पण यंदा ‘वेळेवर येत नाही’ असा शेरा पडला आणि माझी कायम होण्याची संधी गेली. रांगेत उभे केले आपल्या खात्याने, शेरा मात्र माझ्या नावावर!

१९८५च्या शेंगेन करारात युरोपातल्या सदस्य देशांमधल्या सीमांवरची तपासणी हटवण्याचे वचन होते. मार्च २०२० मध्ये महासाथ आली आणि जर्मनीतले कॉन्स्टान्स व स्वित्झर्लंडमधले क्रॉयत्सलिंगेन या एकमेकांना चिकटलेल्या शहरांमध्ये कुंपण उभे राहिले. माणसांनी जाळीतून हात धरले, तर त्यामागे दुसरे कुंपण घातले. त्याच काळात लक्झेंबर्गला मात्र कळले की आपले निम्म्याच्या आसपास कामगार रोज शेजारच्या देशांतून येतात; त्यांना अडवले तर दवाखाने चालणार नाहीत. संकटात आम्ही अत्यावश्यक, आणि संकट सरले की संशयित?

युरोपीय संघाच्या न्यायालयाने २६ एप्रिल २०२२ रोजी बजावले की जुनाच धोका पुढे करून सहा महिन्यांपलीकडे तपासणी वाढवता येणार नाही. मग काय केलेत तुम्ही सगळ्या सरकारांनी मिळून? २०२४ मध्ये नियमच बदलला आणि मुदत दोन वर्षांपर्यंत, अपवाद म्हणून त्याहूनही पुढे नेली. जर्मनीने त्याच वर्षी सप्टेंबरात सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली. कायदा मोडणाऱ्याला शिक्षा, आणि कायदा आड आला की सरकार तो वाकवणार! तस्कर आडवाटेने जातो, नाक्यावर सापडतो तो रोज ठरल्या वेळी, ठरल्या बसने येणारा कामगार.

रोज ये-जा करणाऱ्यांची एकदाच नीट पडताळणी करा, ओळखपत्र द्या, वेगळी रांग ठेवा. नाक्यावर गेलेल्या वेळेची लेखी पावती द्या, म्हणजे मालकाला पगार कापता येणार नाही. आणि पुढच्या मुदतवाढीवर सही करण्याआधी मागच्या सहा महिन्यांत त्या नाक्यावर किती गुन्हेगार पकडले, तो आकडा जाहीर करा.

आपली,
सीमेपलीकडून येणारी एक परिचारिका