शरद ऋतूतले वर्गोपक्रम : सदस्यांसाठी आठवण

सर्व शिक्षक मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

गणपती झाले की दिवस भरभर जातात आणि सहामाही परीक्षा येऊन ठेपते. म्हणून आताच सांगते.

२३ सप्टेंबरच्या आसपास, ऊन असेल तेव्हा, मैदानात एक काठी उभी रोवा. दर अर्ध्या तासाने सावलीच्या टोकाशी खडा ठेवायला सांगा. त्या दिवसांत खडे जवळजवळ सरळ रेषेत येतात. पूर्व-पश्चिम मुलांना आपोआप कळते.

दसऱ्याआधी आपट्याचा पाठ नक्की घ्या. बाजारात आपटा म्हणून कांचनाची पानेही सर्रास विकतात. दोन्ही पाने वहीच्या कागदाखाली ठेवून वरून खडू घासायला द्या, शिरांसकट ठसा उमटतो. गेल्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने पट्टी लावून मोजले : आपट्याचे पान लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला किंचित जास्त. हे तिने स्वतः शोधले, मी सांगितले नव्हते! कृपया फांद्या तोडू नका. प्रत्येक गटाला एक पान पुरते.

भोंडल्यात मुलगेही फेरात हवेत. खिरापत ओळखणे म्हणजे विशेषणांचा उत्तम सराव आहे : गोड, कुरकुरीत, वाटीभर, पण पदार्थाचे नाव घ्यायचे नाही.

१५ ऑक्टोबरला डॉ. कलाम यांच्या जयंतीनिमित्त वाचन प्रेरणा दिन आहे. भाषणे कमी ठेवा, पुस्तके मुलांच्या हातात द्या.

ठशांचे फोटो गटावर जरूर टाका, मुलांचे चेहरे मात्र नकोत.