थांब्याच्या जागा लिहून ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

त्र्यंबक रांगेतल्या कातळांवरच्या नोंदींची तुमची वही तुम्ही नाशिकच्या आम्हा चढाई करणाऱ्यांकडे विश्वासाने सोपवलीत. त्याबद्दल हे आभारपत्र, तुम्हाला आणि सगळ्यांनाच. नाव छापलेलं तुम्हाला आवडत नाही, म्हणून ते गाळलं आहे. वहीतलं मात्र गाळता येणार नाही. नव्या मुलामुलींना त्याची गरज आहे.

चढाईच्या नोंदींत बहुधा अवघड पॅच कुठे आहे तेवढंच असतं. तुमच्या वहीत प्रत्येक पिचला, म्हणजे दोन थांब्यांमधल्या चढाईच्या टप्प्याला, आधी थांब्याची जागा येते: दोघांना उभं राहता येईल का, अँकर (दोघांना कातळाशी बांधून ठेवणारा आधार) कुठल्या भेगेत बसेल, आणि तिथला खडक कसा आहे. हा क्रम आम्हाला सर्वांत मोलाचा वाटतो. सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला. थराचा गाभा घट्ट आणि काळा, माथा बुडबुड्यांनी सच्छिद्र, आणि दोन थरांमध्ये कुठे कुठे लाल मातकट पट्टा. हा पट्टा आधी झिजतो, तिथे गवताची टप्पी (छोटी सपाट जागा) तयार होते, आणि दमलेला लीडर, म्हणजे पुढे चढणारा, नेमका तिथेच बिले लावायला, म्हणजे जोडीदाराचा दोर सांभाळायला, थांबतो. पाय टेकायला ती जागा छान असते, अँकरला फार वाईट. यावर तुम्ही उपाय लिहिला आहे: शिल्लक दोर पुरत असेल तर पट्टा ओलांडून वरच्या घट्ट कातळात ३-४ मीटर चढा, अँकर तिथे लावा आणि त्याच दोरावर क्लोव्ह हिचने (सहज पुढेमागे करता येणाऱ्या गाठीने) लांबी जुळवून परत टप्पीवर येऊन उभे राहा. दहा मिनिटं जास्त जातात. ती द्यायलाच हवीत.

स्लॅबवरच्या, म्हणजे कमी चढाच्या सपाट कातळावरच्या, पावलांबद्दल तुम्ही थोडक्यात लिहिलंत, पण नेमकं. टाच खाली, कंबर कातळापासून सुटी, हात छातीच्या खाली, पावलं वीतभर. भीती वाटली की माणूस कातळाला बिलगतो. मग वजन तळव्यांवर सरळ न पडता पाय बाहेर ढकलले जातात आणि रबराची पकड सुटते. आपल्याकडे त्यात मुरमाची भर. बुटाच्या तळाला चिकटलेली बारीक कच प्रत्येक पिचच्या सुरुवातीला तळहाताने पुसली नाही, तर महागडे बूटही सरकतात. पावसाळा संपल्यावरही काही आठवडे वरून पाझर येत राहतो. कोरडी दिसणारी काळी रेघ हात लावला तर ओली निघते आणि तिच्यावर शेवाळ असतं. दुपारच्या उन्हात तापलेल्या कातळाचा त्रास वेगळाच, म्हणून हिवाळ्यातली सकाळ उत्तम.

रनरचा, म्हणजे चढताना वाटेत दोर अडकवायच्या आधारांचा, भाग आम्ही सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवतो. स्लॅबवर भेगा कमी, त्यामुळे मिळेल तिथे रनर लावायचा, गरज वाटेल तेव्हा नाही. शेवटच्या रनरच्या वर ४ मीटर गेलेला माणूस ८ मीटर आणि वर दोराचा ताण एवढा खाली येतो. थांबा सोडल्यावर पहिला रनर लगेच हवा. तो नसताना पडलेला माणूस थांब्याच्या खाली जातो, आणि जेवढा दोर सोडला त्याच्या दुप्पट पडल्यामुळे सगळा झटका थेट अँकरवर येतो. फ्रेंड (भेगेत उघडून घट्ट बसणारं स्प्रिंगचं साधन) बसवण्याआधी भेगेच्या दोन्ही बाजू तळहाताने ठोकायच्या. आवाज पोकळ आला तर तो पापुद्रा आहे, फ्रेंड उघडताना तोच पापुद्रा उचकटेल. बाहेरच्या बाजूला रुंद होत जाणाऱ्या भेगेत फ्रेंडपेक्षा नीट अडकलेला चोकनट (भेगेत अडकवायचा धातूचा ठोकळा) बरा. पिटॉन (भेगेत ठोकायची धातूची मेख) ठोकताना आवाज घावागणिक चढत गेला पाहिजे. मध्येच बद्द झाला तर तो काढून दुसरी जागा शोधायची. रनर वाकड्या रेषेत असतील तर ६० सेंटिमीटरच्या स्लिंगने (पट्टीच्या फासाने) लांबवायचे, नाहीतर पिचच्या शेवटी दोर इतका जड होतो की स्लॅबवर तोल सांभाळणं कठीण जातं.

अँकरसाठी तुम्ही तीन स्वतंत्र जागा सांगता, एकाच दगडातल्या तीन नव्हेत. ७ मिलिमीटरची ६ मीटर कॉर्ड (बारीक दोरी) तिन्हींतून घेऊन एकच गाठ मारायची, म्हणजे एक निघाली तरी बाकीच्यांवर झटका येत नाही. दोनच जागा मिळाल्या तर त्यांच्यातला कोन ६० अंशांच्या आत ठेवायचा. ६० अंशांना प्रत्येकीवर भाराचे सुमारे ५८ टक्के येतात, १२० अंशांना प्रत्येकीवर पूर्ण भार येतो. तुम्ही काढलेली ही आकृती पाहिली की सूत्र पाठ करावं लागत नाही.

उतरण्याबद्दल एकच गोष्ट इथे सांगतो, कारण चूक तिथेच होते. ६० मीटरचा एक दोर दुहेरी टाकला की ३० मीटरच उतरता येतं. दोन्ही टोकांना गाठी, डिसेंडरखाली (उतरताना दोर धरणाऱ्या साधनाखाली) प्रुसिक (ताण आला की दोराला आवळणारी गाठ), आणि पहिल्याने खाली पोचल्यावर दोर सरकतो का ते ओढून बघायचं, शेवटचा माणूस वर असतानाच. दोर गवताच्या मुळांत किंवा धारदार कडेला अडकत असेल तर वरचा माणूस वरूनच जागा बदलू शकतो.

आणि काका, आग्या मोहोळाची पानं तुम्ही लाल शाईने लिहिलीत ते योग्यच केलंत. ओव्हरहँगखाली (बाहेर झुकलेल्या कातळाखाली) पोळं दिसलं तर त्या दिवशी ती चढाईची रेषा बंद; अत्तर, धूर, आरडाओरडा काहीही नको. अंजनेरीच्या कड्यांवर गिधाडांची घरटी असतात. वीण हंगामात तिकडे फिरकायचं नाही आणि एरवीही वन विभागाला विचारूनच जायचं, हेही आम्ही नव्यांना पहिल्याच दिवशी सांगतो.

मूळ वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत पाठवत आहोत. सोबत एक झेरॉक्स आहे. ज्या जुन्या बोल्टभोवती गंजाचा ओघळ दिसला किंवा जे बोटाने फिरले, त्यांच्यापुढे समासात फुली केली आहे. त्या जागी नवा बोल्ट हवा की शेजारच्या भेगेत पिटॉन पुरेल, हे तुम्ही पेन्सिलने लिहून द्यावं, ही विनंती.

आपले कृतज्ञ,
नाशिकचे चढाईचे विद्यार्थी