कीबोर्ड घेण्याआधी

मिरज

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली मॉडेलं पाहिली. ८८ पट्ट्यांचाच कीबोर्ड घ्यायचा असं तुझ्या मनाने घेतलंय, आणि फोनवर हे बोलणं अर्धवट राहतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

तू वाजवणार आहेस भावगीतांच्या कार्यक्रमात, गाणाऱ्याच्या साथीला. अ‍ॅरेंजरवर, म्हणजे आपोआप साथ देणाऱ्या कीबोर्डवर, डावा हात कॉर्ड (एकत्र दाबलेले तीन-चार स्वर) धरतो आणि त्या कॉर्डप्रमाणे ड्रम, बास, गिटार आपोआप चालतात. यामाहाच्या ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर डाव्या हाताला सुरुवातीच्या १९ पट्ट्या नेमून दिलेल्या असतात. उरतात ४२. आपली साडेतीन सप्तकांची पेटी तेवढ्याच पट्ट्यांची आहे. तुझ्या उजव्या हाताला काहीही कमी पडणार नाही. ८८ पट्ट्या पियानो शिकणाऱ्याला हव्यात. यामाहाचा पी-४५ घेतलास तर पट्ट्या सुरेख, पण मागे वाजणारी साथ त्यात नाही आणि वजन साडेअकरा किलो. यामाहाचाच ६१ पट्ट्यांचा पीएसआर-ई३७३ साडेचार किलोच्या थोडा वर भरतो. कार्यक्रमाला बसने जायचं असतं, हे विसरू नकोस.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पेटीवर स्वर लहानमोठा होतो तो भात्याने. कीबोर्डला भाता नाही. तिथे ते काम पट्टी किती जोरात दाबली यावरच व्हायला हवं, त्याला टच रिस्पॉन्स म्हणतात. सगळ्यात स्वस्त मॉडेलांत, उदाहरणार्थ पीएसआर-एफ५२ मध्ये, तो नसतो. हळू दाब, जोरात दाब, आवाज तेवढाच. अशा वाद्यावर गायिकेच्या हळव्या ओळीमागे तुला मागे सरताच येणार नाही. थोडे पैसे वाचतील, पण साथ बिघडेल. मला ते अजिबात मान्य नाही.

६२२ आवाज, २०५ ठेके असल्या आकड्यांना भुलू नकोस. त्यातले कामाला येणारे थोडेच. दुकानात गेलास की केरवा आणि दादरा हे ताल लावून पाहा. पाश्चात्त्य तीन मात्रांचा ठेका दादऱ्याच्या जागी चालून जातो, पण खालीचं, म्हणजे तालातल्या हलक्या मात्रेचं, वजन त्यात कुठून येणार? रूपकाच्या सात आणि झपतालाच्या दहा मात्रा तर बहुतेक परदेशी मॉडेलांत सापडतच नाहीत. म्हणून खास भारतासाठी काढलेले यामाहाचा पीएसआर-आय५०० आणि कॅसिओचा सीटी-एक्स८७०आयएन आधी ऐक. आय५०० वर रियाजासाठी तबला-तानपुराही आहे. डावीकडे पिच बेंडचं, म्हणजे स्वर वरखाली सरकवायचं, चाक आहे का तेही बघ. ते नसेल तर बासरीच्या आवाजात मींड घेता येत नाही, आणि भावगीतात बासरीचे तुकडे सारखे लागतात.

गाण्याची पट्टी, म्हणजे मूळ सूर, बटणाने बदलायची सोय सगळ्यांवर असते. ऐनवेळी कुणी काळी एकऐवजी पांढरी एक मागितली तर तिचा उपयोग होतो. पण त्या बटणावर विसंबून राहू नकोस, हाताने बदलायची सवय मोडू नये.

हॉलच्या साउंडवाल्याला वायर द्यायला वेगळं आउटपुट असलेलं बरं. हेडफोनच्याच भोकातून वायर काढली की कीबोर्डचे स्वतःचे स्पीकर बंद होतात आणि तुला मंचावर काही ऐकू येत नाही.

कोर्गचा पीए७०० किंवा यामाहाची एसएक्स मालिका उत्तम, स्वतःचे ठेके बनवता येतात, पण त्यांच्या किमती आत्ता आपल्या आवाक्याबाहेरच्या आहेत. कार्यक्रम मिळू लागले की तुझ्या कमाईतून घे. मी ३० हजार बाजूला ठेवलेत. स्टँड, कव्हर आणि स्वर लांबवायचं सस्टेन पेडल त्यातच बसव. घेण्याआधी दुकानातूनच फोन लाव आणि केरव्यावर काहीतरी वाजवून दाखव. पैसे लगेच खात्यावर टाकते.

तुझी,
आई