एक काना

दापोली, १० जून

प्रिय बळ्या,

दीड वर्ष पत्र नाही. शिव्या घालायच्या त्या आधी घालून घे, मग पुढे वाच. गुडघा कुरकुरतो, साखर ताब्यात. झालं तब्येतीचं.

नातू झाला. सातव्या दिवशी अकीका केला, नाव ठेवलं हारिस. मीच काढलं. परवा दाखला आला, त्यावर कारकुनानं लिहिलंय ‘हरीस’. सूनबाई म्हणते, एवढं काय अब्बा, एक काना तर गेला. अरे, एक काना! हारिस म्हणजे नांगर धरणारा, आणि हरीस म्हणजे हावरा. शिवाय आखातात गहू नि मटण घोटून जी लापशी करतात, तीही हरीसच. म्हणजे पोर एकतर हावरं, नाहीतर लापशी. आता दुरुस्तीला प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार आणि माझे तीन हेलपाटे.

घोळ आपल्या ‘स’चा. अरबीत से, सीन, स्वाद ही तीन निराळी अक्षरं. आपण तिन्हींना ‘स’ म्हणून मोकळे. हारिस ‘से’नं लिहिला तर नांगऱ्या, सीननं लिहिला तर पहारेकरी. सलीमला पहारेकरी हवाय. दोह्याहून फोनवर म्हणतो, “अब्बा, इथं काय सांगू, मुलाचं नाव नांगऱ्या?” म्हटलं, सांग खुशाल. सहाव्या शतकात बायझंटाईन सम्राटाच्या बाजूनं लढलेला घस्सानी राजा हारिसच होता, ग्रीक त्याला अरेथस म्हणायचे. अरब सिंहालाही लाडानं अबुल हारिस म्हणतात. आणि हदीसमध्ये आलंय, सगळ्यात खरी नावं दोन, हारिस आणि हम्माम. कारण माणूस काहीतरी कसतो-कमावतो आणि काहीतरी मनात धरतो. तो गप्प. मग म्हणाला, “बरं, पण मी सीनच धरणार.” देवनागरीत दोन्ही सारखंच, त्यामुळे भांडायलाही जागा नाही. एकच नाव लिहायचं आणि दोघांनी मनात वेगळं वाचायचं.

रात्री अब्बांची वही काढली. आठवते ना, बियाण्याच्या मणांशेजारी आमच्या जन्मतारखा? तिथं ‘से’ घालून नाव लिहिलं, आणि एकदम तू आठवलास. लेका, हे तर तुझंच नाव! बळीरामाच्या खांद्यावर दुसरं काय असतं? साठ वर्षं तुला बैलोबा म्हणत आलो, हे कधी डोक्यात आलं नाही. तू जन्मात रुमणं धरलं नाहीस, ते सोड.

मृग लागलाय आणि मळा तिसऱ्या वर्षी पडीक. सलीमकडे प्लॉटवाल्यांचे फोन जातात, तो मला सांगत नाही. मी विचारत नाही. नाव ठेवताना मी सगळ्यांना सांगितलं, अर्थ चांगला आहे. खरं तुला सांगतो, मळा विकू नये म्हणून ठेवलं. दीड महिन्याच्या पोराच्या मानेवर जू ठेवलं मी, बळ्या. ते मोठं होईस्तोवर तिथं बंगले उभे राहिले, तर आयुष्यभर आपलं नाव ऐकून त्याला काय वाटेल? सलीमचा पहारेकरीच बरा होता का?

वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं ना? सुमीची बदली रद्द झाली की नाही?

नांगर अजून पडवीच्या आढ्याला टांगलेला आहे, फाळाविना. फाळ तू भंगारात घालून सर्कस बघितलीस आणि मार मी खाल्ला. तू अजून म्हणतोस, विकला नाही, विहिरीत पडला. कोणत्या विहिरीत, तेवढं कळव. पाऊस भरायच्या आत गडी उतरवतो.

तुझा,
इब्राहिम