माळ्यावरची आगगाडी आणि सव्वा लाखाचा आकडा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या खेळण्यांना परदेशात मिळणाऱ्या 'लाखोंच्या' भावाविषयी मजकूर आला. सोमवारी सकाळी पदेर पाव देऊन गेला नाही तोच आमच्या वाड्यावरचे एक गृहस्थ ती पुरवणी घेऊन माझ्या बाल्कांवात हजर. त्यांचे आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला होते. त्यांनी बोटीवरून येताना आणलेली चावीची, पत्र्याची, हॉर्नबी या इंग्रजी कंपनीची खेळण्यातली आगगाडी या घरात तीन पिढ्या माळ्यावर पडून आहे. गेल्या चवथीला आमचा साडेचार हजारांत व्यवहार ठरला होता. सोमवारी तीच गाडी सव्वा लाखाची झाली.

मी सावर्ड्याला राहतो. गणिताचा मास्तर म्हणून निवृत्त झालो. वडील कुळें स्टेशनात पॉइंट्समन होते, त्यामुळे माझे बालपण मीटरगेजच्या रुळांकडेला गेले. ती मीटरगेज आता नाही. म्हणून घरातल्या आठ बाय चारच्या प्लायवूडवर कुळेंचे यार्ड १:८७ या मापात उभे करत बसलो आहे. बारा वर्षे झाली, अजून पाण्याची टाकी व्हायची आहे. या नादापायी रोज रात्री जेवणानंतर तासभर परदेशी लिलावाच्या संकेतस्थळांवर घालवतो, आणि त्या अनुभवाच्या जोरावर हे पत्र लिहीत आहे.

तक्रार एकच. आपल्या मजकुरात जे आकडे छापले ते विक्रेत्यांनी मागितलेले होते. ते कोणी दिले होते का, याचा त्यात कुठेही उल्लेख नाही.

आपल्याकडे देवळातल्या पावणीत, म्हणजे लिलावात, एखादा नारळ पाचशे रुपयांना जातो. तिथे जमलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते की ती देवाची पावणी आहे, नारळाचा भाव नव्हे. दुसऱ्या दिवशी कोणी बाजारात जाऊन पाचशेला नारळ मागत नाही. आणि पावणीत निदान कोणीतरी पाचशे मोजलेले असतात! संकेतस्थळावरचा सव्वा लाख कोणीच मोजलेला नाही. त्याच साइटवर विकून गेलेल्या वस्तू वेगळ्या दाखवण्याची सोय असते. तिथे खूण केली की सगळे चित्र पालटते. आमच्या शेजाऱ्यांसमोर मी तेच केले. त्यांच्यासारखी गाडी कोणी अकराशे पौंडांना, म्हणजे त्याच सव्वा लाख रुपयांना, लावली होती. विकल्या गेलेल्यांत तसल्याच गाड्या पस्तीस ते साठ पौंडांत गेलेल्या दिसल्या. ते म्हणाले, "मास्तर, हे विकले ते अडाणी असणार."

आता यावर काय बोलायचे?

अकराशे मागणारा माणूस वेडा असतोच असे नाही. वस्तू लावून ठेवायला त्याला खर्च जवळपास नसतो, मुदत संपली की ती आपोआप पुन्हा लागते. आज नाही तर पाच वर्षांनी एखादा सापडेल, या आशेवर तो बसून राहतो. दुसरा विक्रेता त्याचा आकडा पाहून आपला ठरवतो, तिसरा दुसऱ्याचा पाहतो. एक तांबडे इंजिन मी चार वर्षे पाहतो आहे. चार छोट्या चाकांचे, मुलांच्या पहिल्या संचात मिळणारे, अगदी सर्वसाधारण. वर लिहिलेले 'अतिदुर्मीळ', किंमत १४९ पौंड. त्याच आठवड्यात तसली इंजिने पंधरा-वीस पौंडांत गेलेली मी मोजली होती. फोटोत मागे दिसणारी कॅलेंडरे बदलली, इंजिन तिथेच.

या विक्रेत्यांची भाषाही आता पाठ झाली आहे. 'तपासलेले नाही' म्हणजे तपासले, चालले नाही. 'शेवटचे वापरले तेव्हा चालत होते' हे आमच्या स्कूटरविषयीही खरे आहे. एकाने फक्त खोक्याचे सात फोटो लावले होते. आत इंजिन आहे का असे विचारले तर उत्तर आले, 'वेळ खाणाऱ्यांनी लिहू नये.' दुसऱ्याने पैसे घेण्याआधी माझ्या रुळाचा फोटो मागितला, मालकाच्या घरी गाडी नीट राहील ना याची त्याला खात्री हवी होती. या माणसाशी मात्र माझे जमले. डबे त्याने जुन्या मोज्यांत गुंडाळून पाठवले आणि एकालाही ओरखडा नव्हता.

फसलोही आहे. 'एचओच्या कोणत्याही रुळावर चालेल' असे वाचून एक जर्मन डबा घेतला. एचओ म्हणजे १:८७, रूळ १६.५ मिलिमीटर, तेवढे जुळत होते. पण तो मार्क्लिन या जर्मन कंपनीच्या तीन वाहकांच्या पद्धतीचा निघाला. त्या पद्धतीत दोन्ही रूळ विजेच्या एकाच बाजूला जोडलेले असतात, त्यामुळे डब्याच्या दोन चाकांमध्ये विद्युतरोधक लागत नाही. माझ्याकडे एक रूळ धन, एक ऋण. डबा ठेवताक्षणी शॉर्ट सर्किट, आणि घरच्यांना वाटले लाईट गेली. विक्रेत्याला लिहिले तर म्हणतो, मापाने बसला ना?

माझी खरी शोधाशोध वेगळीच आहे. १:८७ मापात मीटरगेजचा रूळ साडेअकरा मिलिमीटरचा होतो. पूर्व बर्लिनला बनणाऱ्या टीटी मापाच्या गाड्या बारा मिलिमीटरच्या रुळावर धावत. म्हणून त्यांची जुनी, वरून ठेचलेली डिझेल इंजिने मला हवी असतात. वरचे टरफल काढून टाकायचे आणि खालच्या चाकांवर ब्रगांझा घाटात मालगाड्या ढकलणारे वायडीएम-४ हे मीटरगेजचे डिझेल इंजिन प्लास्टिकच्या पत्र्यातून बसवायचे. मला भंगार हवे असते. पण हल्ली भंगारापुढेही 'देश नाहीसा झाला, आता मिळणार नाही' असे लिहून तीनशे युरो मागतात. इथे दुकानात मिळेल म्हणावे तर तेही नाही. खेळण्यांवरचे आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. दुकानदार तरी कशाला आणील? माझा भाचा विलायतेत स्विंडनला असतो. ते गाव एकेकाळी रेल्वेच्या कारखान्यावर जगलेले, आता तिथे आपले गोंयकार पुष्कळ. तो रविवारच्या जुन्या बाजारातून चार-सहा वस्तू आणतो. मागच्या वेळी फोनवर म्हणाला, "मामा, इथेही आता टेबलामागची म्हातारी मोबाईल काढून दाखवते."

शेजाऱ्यांच्या गाडीकडे परत येतो. फ्रँक हॉर्नबी यांच्या लिव्हरपूलच्या कंपनीने अशा गाड्या १९२० पासून काढल्या, आणि भरपूर काढल्या. युद्धापूर्वीच्या कित्येक गाड्यांची चाके जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव आहेत. त्यात शिसे मिसळलेले राहिले तर धातू आतून फुगतो, तडकतो आणि एक दिवस हातात भुगा येतो. दमट हवेत हे लवकर होते. शेजाऱ्यांच्या इंजिनाच्या दोन चाकांना केसाएवढ्या भेगा मी गेल्या वर्षी पाहिल्या होत्या, त्यांनाही दाखवल्या होत्या. सोमवारी पुन्हा सांगितल्या. त्यांना वाटले मी भाव पाडतो आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटले असते, हे कबूल करतो. घेणाऱ्याच्या तोंडून आलेला दोष कोण खरा मानील?

म्हणून विनंती आपल्याला करतो. वर्तमानपत्रात छापून आलेले आमच्याकडे अजून खरे मानतात. पुन्हा असा मजकूर घ्याल तेव्हा वस्तू किती पौंडांना लावली आहे ते छापू नका, किती पौंडांना गेली ते छापा. हे शोधायला दोन मिनिटेही लागत नाहीत.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक, सावर्डे
(कृपया नाव छापू नये. गाड्यांवर किती गेले याचा हिशेब घरी अजून दिलेला नाही.)

ता. क. : त्या गाडीची चावी गेल्या वर्षी दुरुस्तीच्या वेळी माझ्याकडेच राहिली. ती मी या आठवड्यात परत करणार आहे. पण तसल्या नुसत्या चावीचे संकेतस्थळावर एक जण ४५ पौंड मागतो आहे. तेवढे मात्र पुरवणीत येऊ देऊ नये.